जाळी की शिवण

जाळ्याने पाणी अडत नाही, एवढेच गोविंदाचे म्हणणे होते. आणि चंद्रपूरच्या शिबिरात त्या दिवशी जमलेल्या जाणत्या माणसांपैकी कोणालाही ते एका वाक्यात खोडून काढता आले नाही.

शिबिर महिन्यातून एकदा भरे. नागपूरहून डॉक्टर रश्मी येत आणि शाळा-अंगणवाड्यांच्या तपासणीत ज्यांच्या छातीत वावगा आवाज ऐकू आला होता, अशा मुलांची हृदये एकेक करून यंत्राच्या पडद्यावर पाहत. सिंदेवाहीच्या पुढे, तलावाला लागून असलेल्या मासेमार ढिवरांच्या वस्तीतून गोविंदा आपल्या नातीला घेऊन आला होता. बरोबर सून दामिनी होती. नात दिव्यानी नऊ वर्षांची. वजन मात्र सहा वर्षांच्या मुलीचे. लंगडीच्या पहिल्याच फेरीत तिला धाप लागे, आणि दिवाळीला सुरू झालेला तिचा खोकला होळीपर्यंत हटत नसे.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जो पडदा असतो त्याला तिच्या जन्मापासून छिद्र आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. डावीकडचे रक्त त्या छिद्रातून उजवीकडे सांडते, तेच ते रक्त फुप्फुसांत पुन्हा पुन्हा फिरते, आणि हे जास्तीचे ओझे वाहून हृदयाची उजवी बाजू फुगत चालली आहे. आज मूल हसते-खेळते आहे. परंतु हे असेच राहिले तर पंचवीस-तिशीत त्याची किंमत मोजावी लागेल. उपाय आहे, आणि छाती न उघडता आहे. मांडीजवळच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्यातून घडी केलेली जाळी सरकवायची, आणि पडद्याच्या दोन्ही अंगांना ती दोन चकत्यांसारखी उघडून छिद्र बंद करायचे. तिसऱ्या दिवशी मूल घरी.

"कायची म्हनता जाळी?" गोविंदाने विचारले.

"बारीक तारेची. आत कापडाचा थर असतो."

"आन् रगत पातळ रायते का घट्ट?"

"पातळच."

"मंग थांबन कसं? मी चाळीस वर्सं जाळे इनून राह्यलो, बाई. जाळ्यात मासा अडते, पानी नाई अडत. तुमी पोरीच्या काळजात जाळं टाकून पानी अडवाले निघाल्या!"

बाकांवर बसलेली माणसे हसली. दामिनीने पदर तोंडाला लावला. "मामाजी, डाक्टर म्याडमले तरी सोडा."

"काऊन सोडू? त्या सोडून राह्यल्या का?"

डॉक्टर रश्मी मूळच्या बल्लारपूरच्या. शिकण्यासाठी घर सोडून वीस वर्षे झाली होती. पण ही बोली कानावर पडली की त्यांची जीभ आपोआप तिच्याकडे वळे. त्या म्हणाल्या, "गोविंदाभाऊ, तुमचं म्हननं खोटं नाई. एकटी जाळी अडवत नाई. पहिले काही दिवस थोडं झिरपते. मग शरीर स्वतःच तिच्यावर कातडं धरते. सहा महिन्यांत जाळी आत दडून जाते, वरून पडदाच पडदा."

गोविंदाने विचार केला. "म्हंजे मांडव तुमचा आन् वेल पोरीचा."

"अगदी तसंच."

इतर कोणी असता तर येथे थांबला असता. गोविंदाला मात्र एक उत्तर पटले की त्याच्या खालचा प्रश्न दिसू लागे. फाटलेले शिवता येते ही गोष्ट जगात सर्वांना ठाऊक असताना, ते झाकण्याचा खटाटोप का? डॉक्टरांनी तेही समजावले. शिवता येते, वर्षानुवर्षे तसेच करीत आले. पण त्यासाठी छाती उघडावी लागते, हृदय काही वेळ थांबवून त्याचे काम यंत्राकडे सोपवावे लागते. कापल्यावाचून जे होऊ शकते ते कापून का करावे?

"तुमी छिद्र किती मोठं ते सांगतलं. काठ कसा आहे ते नाई सांगतलं," गोविंदा म्हणाला.

डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले.

"फाटलेलं जाळं धरलं का आमी पयले भोक नाई पाहत. भोवतालचे दोऱ्याचे घरं पाहतो. काठ कुजका असन तर कापत कापत धड घरावरी जा लागते. भोक मोठं झालं तं होऊ द्या, पन गाठ धड दोऱ्यावरच बसली पायजे. तुमची जाळी कायले धरून बसन?"

"काठालाच," डॉक्टर म्हणाल्या. आणि शब्द निवडून पुढे बोलल्या: "तीन बाजूंचा काठ चांगला दिसतो. खालच्या बाजूचा या यंत्रावर नीट दिसत नाही. भूल दिल्यावर अन्ननळीतून एक छोटा कॅमेऱ्यासारखा दांडा आत घालतो, त्यातून दिसेल."

"म्हंजे तुमालेबी अजून नाई दिसला."

"नाही दिसला. पण जाळी बसवली की लगेच सोडत नाही. ती तारेला बांधलेली असते. ओढून पाहते. हलली, तर परत नळीत घेऊन बाहेर काढते."

मध्येच दिव्यानी म्हणाली, "आबाजी, मी इथीच आहो ना. मलेबी इचारा."

"बोल माय."

"दुखन का?"

"झोपेत काही कळनार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"मंग टाका ना जाळं," दिव्यानी म्हणाली. "आबाजीले घरी बोलू द्या."

आणि आबाजी घरी बोलले. पुढचा महिनाभर तलावाच्या पाळीवर, पानठेल्यावर, मच्छीमार संस्थेच्या खोलीत, जो भेटेल त्याला ते आपली बाजू ऐकवीत राहिले: शिवण ती शिवण. यात हेकटपणा होता हे खरे, पण निव्वळ हेकटपणा नव्हता. ज्या कामाची रीत हाताला माहीत असते त्यावर माणूस विश्वास ठेवतो. आणि नातीच्या काळजावर चालणाऱ्या कामांपैकी शिवणे तेवढे गोविंदाच्या हाताला माहीत होते. सुरीचे भय त्याला नव्हते असे नाही. परंतु न समजलेल्या उपायाचे भय त्याहून मोठे होते, आणि ते भय आहे असे कबूल करण्यापेक्षा तो मुद्दा आहे असे मांडणे त्याला सोपे जात होते.

दिव्यानीचा बाप, भूपेश, सात वर्षांपासून बल्लारपूरला कोळशाच्या डेपोत ठेकेदाराकडे काम करी. दोन-तीन महिन्यांतून एकदा बायको-पोरीला तिकडे बोलावून घेई, स्वतः गावात येत नसे. दामिनीने त्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "बाबा म्हनतीन तसं."

"बाबा रोज म्हनून राह्यले. मी काय म्हनतो ते इचारा."

"तू काय म्हनतं?"

"कापल्याबिगर होत असन तं मी पोरीले कापू देत नाई," दामिनी म्हणाली, आणि नागपूरच्या रुग्णालयाच्या संमतीच्या कागदावर तिने स्वतः सही केली.

ठरलेल्या दिवशी सकाळी नागपूरच्या रुग्णालयात दिव्यानीला आत नेले तेव्हा साडेनऊ वाजले होते. काम सुमारे दीड तासाचे, असे सांगितले होते. गोविंदा आणि दामिनी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसली. बारा वाजता दार उघडले आणि डॉक्टर रश्मी हिरवी टोपी काढीत बाहेर आल्या. त्यांनी आधी सांगायचे ते आधी सांगितले.

"दिव्यानी चांगली आहे. पण जाळी बसली नाही."

खालच्या बाजूचा काठ होता तो नावापुरता, ओल्या कागदासारखा. पहिली जाळी उघडली तेव्हा पडद्यावर ती नीट बसलेली दिसली. ओढून पाहताच सरकली. तिच्याहून मोठी घातली, तीही सरकली. सोडून दिली असती तर आज ना उद्या सुटून रक्ताबरोबर वाहत गेली असती. म्हणून दोन्ही काढून घेतल्या. मांडीजवळच्या सुईच्या टोचणीखेरीज पोरीच्या अंगावर काही नाही. आता राहिला तो शिवण्याचा मार्ग. मात्र त्यासाठी छातीचे मधले हाड कापण्याची गरज नाही. उजव्या काखेच्या खाली तीन बोटांची चीर घेऊन, दोन बरगड्यांमधून आत जाऊन, हृदयावरच्याच आवरणाचा तुकडा त्या छिद्राला शिवता येईल. याच रुग्णालयातले शस्त्रक्रियेचे डॉक्टर हे काम करतात. तयारी असेल तर तीन दिवसांनी.

दामिनी उभी राहिली. "नाई. पोरगी शुद्धीवर आली का घरी नेतो."

"ताई, घाई नाही. विचार करा—"

"केला इचार. दोनदा घातलं, दोनदा काढलं. आता चिरून पाहनार. माही पोरगी का तुमची शिकाची पाटी आहे? लिवलं, पुसलं, अजून लिवलं?"

"संध्याकाळपर्यंत मी इथेच आहे," एवढे बोलून डॉक्टर आत गेल्या.

मग दामिनी सासऱ्याकडे वळली. "झालं ना तुमच्या मनासारखं? शिवाचंच होतं ना तुमाले? आता साऱ्या गावाले सांगा, गोविंदा म्हने तेच खरं."

महिनाभर ज्या वाक्यासाठी गोविंदा भांडला होता ते वाक्य अशा रीतीने त्याच्या पदरात पडले. काठाबद्दलची त्याची शंका खरी ठरली होती. शिवण हाच उपाय उरला होता. एका मोठ्या रुग्णालयाने, दोन जाळ्या वापरून, त्याचा मुद्दा सिद्ध केला होता. आणि या सगळ्याचा अर्थ इतकाच होता की दिव्यानीच्या काखेखाली चीर पडणार, तिचे हृदय थांबणार; किंवा त्याहून वाईट, काहीच न होता ती परत गावी जाणार आणि तिच्या हृदयाची उजवी बाजू अशीच फुगत राहणार. आपल्या बाजूने निकाल लागल्याचा आनंद कोठे आहे हे त्याने शोधून पाहिले. तो नव्हता.

दुपारी दिव्यानी जागी झाली. डॉक्टर तपासायला आल्या तेव्हा तिने झोपाळू आवाजात विचारले, "जाळं टाकलं होतं ना? मासा भेटला का?"

"नाही भेटला," डॉक्टर म्हणाल्या.

"आबाजीलेबी कधी कधी नाई भेटत," तिने त्यांची समजूत घातली, आणि पुन्हा झोपली.

दामिनी बाहेर आली ती पिशवी भरायला. गोविंदा तिच्यामागे आला. आधी त्याने नेहमीप्रमाणे मुद्दे मांडले: हलली तर काढू असे डॉक्टरबाईने आधीच सांगितले होते, चीर लहान आहे, शिवणीला काठाची अडचण नाही. दामिनी ताट-वाटी फडक्याने पुसत राहिली. "तुमचं तोंड चालते तेवढंच पुरे," ती म्हणाली. "माहा तिच्यावर भरोसा नाई. जे जमलं नाई तेच सांगाले आली."

"म्हनूनच माहा आहे," गोविंदा म्हणाला.

दामिनीने वर पाहिले.

"भूपेशनं जाळं खुंटावर नव्हतं ओढलं."

हे वाक्य समजायला दामिनीला वेळ लागला, कारण त्या घरात सात वर्षे ते कोणीच उच्चारले नव्हते. त्या उन्हाळ्यात तलावाचे पाणी उतरल्यावर संस्थेने मोठी मासेमारी काढली होती. तीस माणसांनी ओढायचे जाळे ऐन मध्यावर फाटले, आणि वर्षभर वाढवलेले रोहू-कतला त्या भगदाडातून निसटून खोल पाण्यात गेले. फाटले तेथे दोर भूपेशच्या हातात होता. पाण्याखालच्या झाडाच्या खुंटावरून त्याने जाळे आंधळेपणाने ओढले, असे कोणीतरी म्हणाले, आणि ते ठरून गेले. त्या दिवसापासून गावाने त्याचे नाव खुंट्या ठेवले. पोरेसुद्धा त्याच नावाने हाका मारीत. वर्षाच्या आत तो बल्लारपूरला गेला.

"आदल्या दिशी ते जाळं मीच दुरुस्त केलं," गोविंदा म्हणाला. "हातभर फाटलं होतं. काठ कुजला होता. धड घरावरी जाचं तं दोन हात कापा लागत होतं, रातच्यापावतर बसा लागत होतं. बैठकीत साऱ्यांसमोर मी दुपारीच म्हनून बसलो, झालं. मंग एकटाच होतो तवा ओढून पाह्यलं. गाठी सरकल्या."

"मंग?"

"मंग घडी करून ठेवून देल्लं. झालं म्हनलं होतं ना मी."

दामिनीच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"त्या बाईनं दोनदा ओढून पाह्यलं, दोनदा काढून घेतलं," तो म्हणाला. "बाहेर येऊन तोंडावर सांगतलं, नाई बसलं. मी तिच्या जागी असतो तं पयल्याच जाळीले 'बसली' म्हनून बाहेर आलो असतो, दामिनी. पडद्यावर तं नीटच दिसत होती. कोनाले कळनार होतं?"

दामिनी अगदी हळू म्हणाली, "मी त्याहीले सांगत राह्यलो. लोकं चिडवतेत तं चिडवू द्या, वापस या. तुमचीच चूक होती, मान्य करा, संपून जाते. मी म्हनत होतो हे. मी."

"तुले काय माहीत होतं."

"तुमाले माहीत होतं." तिने वाटी पिशवीत न टाकता बाकावर ठेवली. "मले काऊन सांगता? ज्याचं आहे त्याले सांगा. सही मी करतो. पोरीसाठी करतो, तुमच्या बोलन्यासाठी नाई. आन् त्याहीले बलावतो. काय सांगाचं ते तोंडावर सांगा."

ती सही करायला डॉक्टरांच्या खोलीकडे गेली. दुपारचे आपले बोलणे तिने परत घेतले नाही आणि डॉक्टरांनीही त्याची अपेक्षा दाखवली नाही. कागदावरची प्रत्येक ओळ वाचून घेत तिने एकच प्रश्न विचारला: शिवून झाल्यावर, हृदय परत चालू करण्याआधी, शिवण तपासतात काय. तपासतात, असे डॉक्टर म्हणाल्या. आणि चालू झाल्यावर पुन्हा.

भूपेश तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आला. नखांच्या कडेला कोळसा, अंगावर नवा शर्ट. दिव्यानीला आत नेईपर्यंत तो तिचा हात धरून चालला. "काखेत चीर देतेत," ती त्याला सांगत होती, "मले गुदगुल्या होनार नाई, झोपवतेत." दार बंद झाले.

आता पोरीचे होऊ द्यावे, मग सांगू, असे गोविंदाने ठरवले होते. पण असे 'मग' किती लांबते याचा त्याला अनुभव होता, आणि दामिनी त्याच्याकडे पाहत होती. त्याने सांगितले. चार-पाच वाक्यांत संपले. भूपेशने खाली मान घालून ऐकले, उठला, आणि व्हरांड्याच्या टोकाच्या खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. पावणेचार तास तो तेथून हलला नाही. दामिनीने नेऊन दिलेला चहा खिडकीच्या कट्ट्यावर निवून गेला.

दीड वाजता शस्त्रक्रियेचे डॉक्टर आणि डॉक्टर रश्मी दोघेही बाहेर आले. तुकडा शिवला होता. हृदय आपले आपण चालू झाले होते. पुन्हा पाहिले, पलीकडे काही सांडत नव्हते. दामिनी तोंडावर पदर घेऊन रडली. गोविंदाने हात जोडले. विचारण्यासारखे त्याच्याजवळ आज काही नव्हते.

डॉक्टर गेल्यावर भूपेश येऊन बापाच्या शेजारी बसला.

"लोकं हसले त्या दिशी," तो म्हणाला. "पाळीवर. मी पान्यातून वर आलो तवा. कोनी काय हसलं ते मले आता आठवतबी नाई, बाबा. पन तुमीबी हसले होते."

गोविंदाजवळ उत्तरे होती. आपण हसलो नसतो तर लोकांना संशय आला असता. त्याच संध्याकाळी सांगण्याचा विचार होता. भूपेशने तरी जाण्यापूर्वी एकदा विचारायचे होते. तिन्ही उत्तरे खरी होती, आणि आयुष्यभर त्याने याहून कमकुवत उत्तरांवर वाद जिंकले होते.

"हो," तो म्हणाला. "हसलो होतो."

भूपेशने मान हलवली. मग त्याने विचारले, "संस्थेची बैठक कवा आहे?"

"पुढच्या महिन्यात. पयल्या सोमवारी."

"सांगान तिथी?"

"सांगीन."

"मी रायतो समोर. सुट्टी टाकतो."

"ये," गोविंदा म्हणाला.

नर्सने दार अर्धवट उघडून दिव्यानीचे नाव घेतले. एकाच माणसाला आत येता येईल, पाच मिनिटे. दामिनीने भूपेशला खूण केली. त्याने चपला दाराशी काढल्या, नर्सने दिलेली टोपी डोक्यावर ओढली, आणि तो आत गेला.